अर्ध्या कादंबरीची कार्त्यायनी

आमच्या चेरुवायल गावात वाचनशाळा दोन. मधे भाताची खाचरं, एक ओढा आणि चाळीस वर्षांचं वैर. ओढ्याच्या अलीकडची आमची, ‘उदयप्रभा वाचनशाळा’. पलीकडची त्यांची, ‘उदयप्रभा स्मारक वाचनशाळा’. स्मारक कुणाचं, तर आमचंच. आम्ही मेलो असं त्यांनी पाटीवर रंगवून टाकलं आणि बाजाराला जाताना ती पाटी आम्हाला रोज वाचावी लागते.

मी रोहिणी. उभ्या गावाची रोहिणी टीचर. जन्मभर बाहेरगावच्या शाळांत गणित शिकवलं, निवृत्त होऊन घरी आले आणि आमच्या वाचनशाळेची सचिव झाले. स्मारकवाल्यांचा सचिव दामोदरन, माझा सख्खा थोरला भाऊ, म्हणून दामूएट्टन; एट्टन म्हणजे थोरला भाऊ. विषूच्या सणाला मी त्याच्या घरी जेवते, ओणमला तो माझ्या घरी. आजारपणं, लग्नं, नारळाचे पडलेले भाव, सगळ्यावर आम्ही तासन्‌तास बोलतो. वाचनशाळेचं नाव निघालं की त्याला तहान लागते आणि मला घरची कामं आठवतात.

मूळची वाचनशाळा एकच होती. मग पक्ष फुटला, आणि आमच्याकडे पक्ष फुटला की फुटबॉलचा संघ, चहाचं दुकान आणि वाचनशाळा तिन्ही फुटतात. पुस्तकांच्या वाटणीवरून हमरीतुमरी झाली तेव्हा दोघा वडीलधाऱ्यांनी तोड काढली. प्रत्येक पुस्तकावर दाखल क्रमांक आहेच, तर विषम क्रमांक इकडे, सम क्रमांक तिकडे. कुणाला तक्रारीला जागाच नको. गणिताची बाई म्हणून सांगते, इतका न्याय्य आणि इतका मूर्ख हिशेब मी दुसरा पाहिलेला नाही. जो ग्रंथ दोन खंडांचा, त्याचा एक खंड इकडे राहिला, दुसरा तिकडे गेला. शब्दकोशाचा पहिला भाग आमच्याकडे आहे, दुसरा त्यांच्याकडे. वर्णमालेच्या उत्तरार्धातल्या शब्दावर वाद झाला की आम्हाला गुमान माघार घ्यावी लागते.

याच वाटणीत कार्त्यायनीएच्चीची कादंबरी कापली गेली. एच्ची म्हणजे थोरली बहीण, आणि ती गावात सगळ्यांचीच एच्ची. तरुणपणी विड्या वळायची. वाचनशाळेचं एक हस्तलिखित मासिक होतं. महिन्याला एकच प्रत निघायची, कुंजंबू नावाचा माणूस ती सुरेख अक्षरात उतरवून काढायचा, आणि लोक वाचनशाळेत येऊन ती वाचायचे; एकच प्रत, म्हणून सगळे अंक सलग कुणालाच मिळत नसत. त्या मासिकात एच्चीनं वर्षभर कादंबरी लिहिली, दर अंकात एक प्रकरण. कुंजंबूनं उतरवून घेतलं की तिची कच्ची पानं चुलीत जायची. कादंबरीचं नाव काय, म्हणून लोकांनी विचारलं, तर म्हणाली, आधी पुरी होऊ दे, मग सांगते. पुरी झाली, आणि पुढच्याच महिन्यात वाचनशाळा फुटली. एकेका अंकाला एकेक क्रमांक होता, म्हणून सहा अंक आमच्याकडे राहिले आणि सहा पलीकडे गेले.

पलीकडच्या इमारतीला पुढच्या पावसाळ्यात वाळवी लागली. त्यांनी मागच्या अंगणात काहीबाही जाळलं, त्याचा धूर आमच्या बाजूनं सगळ्यांनी पाहिला. धुरात काय होतं ते कुणीच पाहिलं नाही, पण आमच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी एच्चीला सांगून टाकलं, “गेले तुझे अंक. त्यांच्या हाती पुस्तक पडणं म्हणजे वाळवीचा फराळ.” ती तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती म्हणतात.

पुढे तिनं ती सहा प्रकरणं पुन्हा लिहायचा प्रयत्न केला. तीनदा सुरू केली आणि तिन्ही वेळा फाडली. “तेव्हाची मी आता कुठून आणू?” असं म्हणायची. गावानं मात्र तिला नाव ठेवलं ते कायमचं. चहावाल्या भास्करननं ते काढलं आणि पोराबाळांपर्यंत गेलं: अर्ध्या कादंबरीची कार्त्यायनी. तिच्या नातीच्या लग्नात वरपक्षाला ओळख करून देतानासुद्धा कुणीतरी तेच म्हणालं. सगळे हसले, तीही हसली, पण त्या दिवशी तिनं पंगतीत गोड पायसम घेतलं नाही. मी शेजारीच बसले होते.

आता ती ऐंशीच्या घरात आहे. एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा गेलाच म्हणायचा.

अशात आमच्याकडे फेबिना आली. कोळिकोडहून स्कूटरवर, डोक्याला निळा स्कार्फ, पाठीवर लॅपटॉप. वय पस्तीसच्या आसपास, ग्रंथालयशास्त्रात शिकलेली, बोलायला तिखट. तिकडच्या काही ग्रंथप्रेमींनी मिळून एक मंडळ काढलं होतं. गावोगावच्या वाचनशाळांच्या याद्या घ्यायच्या आणि त्यांचा लिंक्ड ओपन डेटा करायचा, हे त्यांचं काम. आमच्या कार्यकारिणीपुढे तिनं हे तीन शब्द उच्चारले आणि अध्यक्ष करुणनएट्टननी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पोरी, साध्या भाषेत सांग. आम्ही शेतकरी माणसं.”

“तुम्ही बँकेतून निवृत्त झालात, एट्टा,” मी म्हटलं.

“टीचर, मधे बोलू नका.”

फेबिना हसली. “एट्टा, तुमच्या यादीत एका ओळीत काय असतं? पुस्तक, लेखक, साल, कपाट. सगळे एका बसमध्ये कोंबलेले. आत कोण बसलंय, कुणाचा कोण लागतो, बाहेरच्याला काही कळत नाही. मी सगळ्यांना बसमधून खाली उतरवते आणि प्रत्येकाला स्वतःचा कायमचा पत्ता देते. पुस्तकाला वेगळा, लेखिकेला वेगळा, गावाला वेगळा. मग नाती सांगते. हे पुस्तक हिनं लिहिलं. ही ह्या गावची. हा त्या ग्रंथाचा दुसरा खंड. सगळं अशा भाषेत, की कुठल्याही देशातल्या ग्रंथालयाचं यंत्र ते वाचून म्हणेल, अरेच्चा, ही बाई तर आमच्याकडेही आहे. आणि तेही आपला धागा जोडतील.”

“बरं. आणि ते ओपन म्हणजे?”

“खुलं. कुणीही बघावं, वापरावं, जोडावं. परवानगी नको, फी नको.”

“कुणीही?”

“कुणीही.”

करुणनएट्टननी चष्मा परत चढवला. “ओढ्यापलीकडचेसुद्धा?”

“ते काय जगाबाहेरचे आहेत का?”

झालं. खोलीत एकच गलका उठला. आमची यादी त्यांना आयती का द्यायची? आमच्याकडे काय आहे ते कळलं तर उद्या मागायला येतील. वाटणीच्या वेळी दोन-चार सम क्रमांक चुकून इकडेच राहिलेत, ते उघडे पडतील. शेवटची भीती खजिनदारानं बोलून दाखवली आणि मग स्वतःचीच जीभ चावली. माझं डोकं फिरलं. “लाजण्यासारखं काही असेल तर आत्ता सांगा, मी उद्या सचिवपद सोडते,” असं मी म्हटलं, पण माझ्या राजीनाम्याच्या धमकीला ही मंडळी केव्हाच सरावली आहेत.

फेबिना लॅपटॉप पिशवीत घालता घालता सहज म्हणाली, “असू दे. स्मारकवाल्यांनी मात्र कालच होकार दिला.”

करुणनएट्टन ताठ बसले. “असं? मग आपण काय मागे राहणार? टीचर, यादी द्या हिला. आजच्या आज.”

तिनं पलीकडे जाऊन दामूएट्टनलाही नेमकं हेच सांगितलं होतं, फक्त आमचं नाव घेऊन, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. म्हणजे होकार कुणीच आधी दिला नव्हता, आणि शेवटी दोघांनीही दिला. हिच्यासारखी दोन माणसं आमच्या पक्षात असती तर पक्ष फुटलाच नसता.

पुढचे काही आठवडे फेबिना आमच्याकडे राबली. मी शेजारी बसायची, कारण यंत्राला माणसं ओळखता येत नाहीत आणि मला गावातली सगळी येतात. आमच्याकडे माणसाच्या नावाआधी घराचं आद्याक्षर, मग बापाचं. माणूस प्रसिद्ध झाला की सगळी अक्षरं गळतात आणि गावाचं नाव तेवढं उरतं. त्यामुळे आमच्या यादीत एकच कवी चार नावांनी चार जागी बसला होता. उलट दोन नंबियार एकच होऊन गेले होते. एकाचं ज्योतिष, दुसऱ्याचं कोंबडीपालन. फेबिनानं कवीला एक केलं आणि नंबियारांना सोडवलं. “बिचाऱ्या कोंबड्या,” ती म्हणाली, “इतकी वर्षं मंगळ बघून अंडी देत होत्या.” मी त्या दिवशी हसून हसून बेजार झाले. निवृत्तीनंतर इतकं मजेचं काम माझ्या वाट्याला आलं नव्हतं.

मग एका दुपारी तिनं दोन्ही वाचनशाळांच्या याद्या एकत्र सोडल्या. पडद्यावर ठिपके आणि ठिपक्यांमधून धागे. शब्दकोशाचा पहिला भाग दुसऱ्याला जाऊन चिकटला. खंड खंडाला मिळाले. जिथं पाहावं तिथं आमच्यातून त्यांच्यात धागा गेलेला, आणि मधला ओढा कुठेच नाही. मी बघत राहिले. मला खरं सांगायचं तर आनंद झाला, आणि तो झाल्याचा थोडा रागही आला.

ज्या जोड्यांबद्दल यंत्राला शंका, त्या ते एकेक करून पुढे आणायचं आणि विचारायचं, ही दोन्ही एकच का? मी भराभर ‘होय’ किंवा ‘नाही’ सांगत होते. एका जोडीवर फेबिनाच थांबली.

“टीचर, हे काय? तुमच्याकडे ‘वाट पाहणारी’ नावाची कादंबरी, हस्तलिखित मासिकाचे सहा अंक. त्यांच्याकडे ‘कोलंबोचा माणूस’, त्याच मासिकाचे सहा अंक. लेखिका एकच, उतरवून काढणारा एकच, साल एकच. तुमच्याकडे एक सोडून एक महिना, त्यांच्याकडे मधले महिने. यंत्र म्हणतंय ही एकच कादंबरी आहे.”

“यंत्र बरोबर म्हणतंय. नावं आपापल्या मनानं दिलेली आहेत, खरं नाव तिनं कधी सांगितलंच नाही. पण तो वाद आता मिटलाय. त्यांचे अंक नाहीतच. वाळवीनं खाल्ले.”

“यादीत आहेत.”

“वाळवीनं खाल्लेलं यादीतून कोण काढतं?”

फेबिना माझ्याकडे वळून बसली. “यादी नुसती घेत नाही मी, कपाटं बघते. ते कपाट मी बघितलंय. खालच्या खणात कापडात बांधलेला गठ्ठा आहे आणि वर कडुनिंबाचा पाला. मी उघडला नाही, पण वाळवी लागलेलं कपाट तसं नसतं, टीचर.”

मी उठले आणि चपला घातल्या.

दामूएट्टन पडवीत बसून उकडलेला टॅपिओका आणि माशाचं कालवण खात होता. वहिनी, सरोजिनी, दारात उभी राहून त्याला वाढत होती. मला पाहून तिनं दुसरी ताटली आणली. मी बसलेसुद्धा नाही.

“एट्टा, कार्त्यायनीएच्चीचे अंक तुमच्याकडे आहेत?”

त्यानं सवयीनं पाण्याचा तांब्या उचलला. मी तो त्याच्या हातातून काढून घेतला.

“आहेत की,” तो म्हणाला. “कुठं जाणार? आमच्याकडे नीट ठेवतात पुस्तकं. तुमच्यासारखं नाही, वाळवीला घातलेत सगळे.”

“आमचे? वाळवी तुमच्याकडे लागली होती!”

“आमच्याकडे वर्तमानपत्रांना लागली होती. रद्दी होती, जाळून टाकली. तुमच्याकडचे अंक गेले, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

“कुणी सांगितलं?”

“सगळेच सांगतात. आम्ही तर भाषणातसुद्धा म्हणतो, एका थोर कादंबरीचा अर्धा भाग त्यांनी किड्यांना चारला.”

“आम्ही पण भाषणात हेच म्हणतो!”

वहिनी चौकटीला टेकून हसत सुटली. “वा! चाळीस वर्षं दोन्ही पार्ट्या एकाच वाळवीवर पोसल्या म्हणायच्या.”

मला हसू आलं नाही. डोळ्यांपुढे ते न घेतलेलं पायसम आलं. “एट्टा, तुम्ही तिला एकदा बोलावून सांगायचं तरी. ती आमच्या काठावर राहते, परदेशात नव्हे.”

“ती मागायला आली का कधी? आम्ही म्हटलं, तुमच्या बाजूची, मानी बाई, आमच्या दारात कशाला पाय ठेवेल.” त्यानं ताटली बाजूला सारली. “रोहिणी, तिला काय वाटत होतं? की आम्ही जाळले?”

“तिला तसं सांगितलं होतं.”

कालवणाचा हात वाळून गेला तरी दामूएट्टन धुवायला उठला नाही. मला त्याच्यावर ओरडायचं होतं, पण ओरडायला मला एकटा तोच कसा पुरणार? आमची सगळीच्या सगळी बाजू त्या खोट्यावर मजेत जगली होती, आणि त्यांचीही.

फेबिनाच्या मंडळाचा नियम होता, की दोन नोंदी एक करायच्या तर दोन्हीकडच्या माणसांनी प्रत्यक्ष पाहून ‘होय’ म्हटलं पाहिजे. आता प्रत्यक्ष पाहायचं कुठं? आमचे अंक पलीकडे न्यायला करुणनएट्टन तयार नव्हते. त्यांचे अंक इकडे आणायला त्यांची कार्यकारिणी तयार नव्हती. या माणसांना अक्कल आली असं मला क्षणभर वाटलं होतं, ते चुकलंच. “मग दोन्ही गठ्ठे एच्चीच्या पडवीत नेऊ,” मी म्हटलं. “तिचेच आहेत.” त्यावर दोन्हीकडून होकार आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गेलो, मी, फेबिना आणि ओढ्यावरून आलेला दामूएट्टन. एच्ची अंगणातल्या दगडावर बसून तारली साफ करत होती. भोवती दोन मांजरं. तिनं एका डोळ्यानं आमच्याकडे निरखून पाहिलं.

“दामू का रे? हातात काय आहे? सरोजिनीनं फणस पाठवला?”

आयुष्यभर सभा गाजवलेल्या दामूएट्टननं गुडघे टेकून पडवीत गठ्ठा ठेवला, गाठ सोडली. कडुनिंबाचा वाळलेला पाला भुरभुरला. वरच्या अंकावर कुंजंबूनं काढलेलं जहाजाचं चित्र होतं, निळं, अगदी ताजं.

“एच्ची,” तो म्हणाला, “तुझे आहेत. सगळे आहेत.”

ती उठली नाही. हातातला मासा तिनं पुरा साफ केला. मग उठली, विहिरीपाशी गेली, राखेनं हात घासले, साबणानं धुतले, हुंगून पाहिले आणि परत धुतले. आम्ही तिघं उभे. मग येऊन बसली आणि अंक हातात घेऊन डोळ्याजवळ नेला. ओठ हलत होते.

“कुणी सांगितलं होतं वाळवी म्हणून?” तिनं विचारलं.

“सगळेच म्हणत होते, एच्ची.”

“सगळे म्हणजे कोण? नावं सांग.”

मी तीन-चार नावं सांगितली. एकही माणूस आता जिवंत नव्हता.

“मेले का? सुटले. मग तुम्ही दोघं ऐका.” आणि ती बोलली. आमच्या बापापासून सुरुवात केली. आमची बुद्धी, आमचे पक्ष, आमच्या पाट्या, आमची भाषणं. तिच्या तोंडचे काही शब्द शब्दकोशाच्या कुठल्याच भागात सापडणार नाहीत. आम्ही निवृत्त, नातवंडं असलेली माणसं, शाळेतल्या पोरांसारखी खाली मान घालून ऐकत होतो. बोलता बोलता तिचा आवाज बसला आणि ती रडायला लागली. अंक भिजू नये म्हणून तो तिनं लांब धरला होता.

फेबिनानं पडवीत चटई अंथरली. मी पहिला अंक ठेवला, दामूएट्टननं त्याच्या शेजारी दुसरा. मी तिसरा, त्यानं चौथा. शेवटपर्यंत. अक्षर एक, शाई एक, एकाच्या शेवटच्या ओळीतून दुसऱ्याची पहिली ओळ निघालेली. मी आमची प्रकरणं जवळजवळ पाठ केली होती, आणि मधलं मला काहीच ठाऊक नव्हतं. आमच्याकडच्या प्रकरणांत चीरू नावाची बाई घर सांभाळते आणि रोज संध्याकाळी समुद्रावर जाऊन उभी राहते. बिचारी नवऱ्याची वाट बघते, असं आम्ही धरून चाललो होतो. त्यांच्याकडच्या प्रकरणांत तिचा नवरा कोलंबोला हमाली करतो आणि झुरतो. बायको सोडून पळालेला, असं ते धरून चालले होते.

“आता नाव हवं,” फेबिना म्हणाली. “दोन नावांची एक कादंबरी कशी करू?”

“‘वाट पाहणारी’ चांगलं आहे,” मी म्हटलं.

“‘कोलंबोचा माणूस’ जास्त चांगलं आहे,” दामूएट्टन म्हणाला.

“गप्प बसा दोघं. कादंबरी माझी.” एच्चीनं पदरानं नाक पुसलं. “वाट कुणी बघत नव्हतं. तिनंच घालवलाय त्याला. दुसरं नि तिसरं प्रकरण सलग वाचलं की कळतं. परत येतो म्हणून तो पत्र पाठवतो, आणि ही समुद्रावर जाऊन बघते, मेला खरंच येत तर नाही ना.”

दामूएट्टननं आ वासला. “म्हणजे तो पळाला नव्हता?”

“पळायला हिंमत लागते. नाव लिही, पोरी. ‘चीरू’.”

फेबिनानं लिहिलं. मी ‘होय’ दाबलं. लॅपटॉप दामूएट्टनकडे दिला, त्यानंही दाबलं. पडद्यावरचे दोन ठिपके सरकले आणि एकच उरला. फेबिनानं वाचून दाखवलं. “‘चीरू’ची लेखिका, कार्त्यायनी. ‘चीरू’चे भाग, बारा. विषम भाग उदयप्रभेत, सम भाग उदयप्रभा स्मारकात. कथेतली गावं, चेरुवायल आणि कोलंबो. आजी, आता तुमच्या कादंबरीला कायमचा पत्ता मिळाला. आता ही जगात कुठूनही दिसेल.”

“जगाचं राहू दे,” एच्ची म्हणाली. “ओढ्याच्या दोन्ही काठांवर दिसेल ना?”

जगानं मात्र राहू दिलं नाही. महिन्याभरात कोलंबोहून फेबिनाला निरोप आला. तिकडे कामाला गेलेल्या मलबारी माणसांवरचं साहित्य गोळा करणारं एक ग्रंथालय होतं. कोलंबोच्या पत्त्यावरून माग काढत ते ‘चीरू’पर्यंत आले, आपला धागा जोडला आणि विचारलं, ही कादंबरी वाचायला कुठं मिळेल? आमच्या कार्यकारिणीत हे वाचून दाखवलं तेव्हा करुणनएट्टन उभे राहिले. “परदेशातले लोक विचारतात आणि आपल्याच गावानं ती पुरी वाचलेली नाही. लाज वाटते.” पलीकडच्या कार्यकारिणीत कोण उभं राहिलं माहीत नाही, पण ठराव तोच झाला.

शाळेच्या मैदानावर मांडव घातला. कुणाची माणसं कुठल्या बाजूला बसणार यावर वाद झाला, मग पाऊस आला आणि सगळे मिळेल त्या कोरड्या जागी बसले. सकाळपासून वाचन सुरू झालं. विषम प्रकरण आमच्याकडचा माणूस वाचायचा, सम त्यांच्याकडचा. दुसरं प्रकरण संपलं आणि आमच्या बाजूच्या म्हाताऱ्या एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. तिसऱ्याला त्यांच्या बाजूचे पुरुष डोकं खाजवायला लागले. पाचव्याला चीरू एक कागद चुलीत घालते, तो आधीच्या प्रकरणातलं नवऱ्याचं पत्र आहे हे कळलं तेव्हा मांडवभर हशा उसळला. आमच्यातलं कोण आणि त्यांच्यातलं कोण हसतंय ते मला ओळखू येईना. जेवणाला भात-सांबार होतं, ते लोकांनी भराभर उरकलं आणि परत येऊन बसले.

बारावं प्रकरण दामूएट्टननं वाचलं. शेवटची ओळ झाली तेव्हा दिवेलागणी झाली होती. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. चहावाला भास्करन बाकावर उभा राहून वाजवत होता.

एच्ची पहिल्या रांगेत बसली होती, नातीच्या खांद्याला धरून. ती हळूहळू उभी राहिली. कुणीतरी माइक पुढे केला. टाळ्या थांबल्या.

“शेवट काही मला आवडला नाही,” ती म्हणाली. “घाईत उरकलाय. पण पुरी आहे.” मग तिनं भास्करनच्या दिशेनं तोंड वळवलं. “आता म्हण अर्धी.”